तंबोऱ्याची छत्तीस हजार पानं

मिरजेत माझ्या गाण्याच्या बाईंचा वर्ग आहे. त्या वर्गासाठी मी लिनक्सवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. तो फक्त तंबोरा वाजवतो. तो न तुटता वाजावा म्हणून त्याची मेमरी रॅममध्ये कुलूपबंद करावी लागली, त्याची ही गोष्ट. बाजारात तंबोऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या आहेत, मोबाइलवर ॲप आहेत, ते सगळं बाईंनी वापरून पाहिलंय. त्यांना हवा होता तो त्यांच्या घरातल्या तंबोऱ्याचा आवाज. सतारमेकर गल्लीत बनलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, आणि वर्षानुवर्षं एकाच कारागिराच्या हातून जवारी काढून घेतलेला, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवून घेतलेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी कितीतरी वर्षं तो आवाज आमच्या कानांत मानांकित होताच.

बाई स्वतः छेडत गेल्या आणि मी रेकॉर्ड करत गेले. चार तारांचे वेगवेगळे आघात घेतले. एका तारेचा एकच आघात पुन्हा पुन्हा वाजवला तर कान दोन मिनिटांत ओळखतो की हे यंत्र आहे. म्हणून प्रत्येक तारेचे आठ आघात, प्रत्येक आघात बारा सेकंद लांब. जवारी नीट असली की छेडलेल्या तारेचा स्वर लगेच पूर्ण उघडत नाही, हळूहळू उमलतो. त्यामुळे आघात मध्येच कापून चालत नाही. प्रोग्रॅम दर आवर्तनाला, म्हणजे चारही तारांच्या एका फेरीला, प्रत्येक तारेसाठी आठांतला एक आघात स्वतः निवडतो.

आता थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, दोन बाजू, प्रत्येक नमुन्याला चार बाइट. म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट आणि एका आघाताला ४६,०८,००० बाइट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत मोजतो, त्या मापाने एक आघात म्हणजे बरोबर १,१२५ पानं. चार तारा गुणिले आठ आघात, असे ३२ आघात म्हणजे ३६,००० पानं, सुमारे १४७ एमबी. आणि हे एका सुराचं. मुली काळी चार-पाचला गातात, मुलं काळी एकला. असे बाराही सूर धरले तर १.७७ जीबी.

वर्गातला लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी फिरती डिस्क. त्यावर शेजारी ब्राउझर उघडा असतो, कारण बाई मध्येच एखादं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवतात. अशा यंत्रावर तंबोरा अधूनमधून ‘टक्’ असा आवाज करून तुटायचा. सतत नाही. बरेचदा बाईंनी तंबोरा थांबवून दहा-पंधरा मिनिटं काही समजावून सांगितलं, ध्वनिमुद्रण ऐकवलं, आणि पुन्हा तंबोरा सुरू केला की पहिल्या दोन-तीन आवर्तनांत. आणि कधीकधी चालू असतानाही, एखाद्याच आघाताला.

ध्वनीचं काम कसं चालतं ते एकदा बघू. साउंड कार्डाला दर ठरावीक वेळाने नमुन्यांचा एक घास द्यावा लागतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये घास २५६ नमुन्यांचा आहे, म्हणजे ५.३३ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात पुढचा घास तयार झाला नाही तर कार्डाकडे वाजवायला काही उरत नाही आणि टक् होतं. ध्वनीवाले याला एक्सरन म्हणतात. आता एखादं पान रॅममध्ये नसेल आणि ते डिस्कवरून आणायचं असेल तर? ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११.१ मिलिसेकंदांची. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ५.६ मिलिसेकंद. डिस्कचा हात जागेवर जायला लागणारा वेळ यात अजून धरलेलाच नाही. एक पान हुकलं की घास हुकला. नशिबाची जागाच उरत नाही.

मग पान रॅममधून जातंच का? बाईंनी हाच प्रश्न विचारला. “अगं, बाकी सगळं बंद होतं-चालू होतं, तंबोरा तर सतत वाजतोय. सतत वाजणाऱ्या गोष्टीला ते यंत्र विसरतंच कसं?”

या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवलं, आणि मला वाटतं सगळ्या विषयाची गाठ इथंच आहे.

प्रोग्रॅमला मिळालेले मेमरीचे पत्ते आणि प्रत्यक्ष रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे वहीत पोत्यांची नोंद असते. त्यातली काही पोती दुकानात असतात, काही पूर्वी हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली असायची. वहीत दोन्ही सारखीच दिसतात, फरक पडतो तो माल मागितल्यावर. पानांच्या तक्त्यात प्रत्येक पानापुढे एक खूण असते, हे पान आत्ता रॅममध्ये आहे की नाही याची. नसलेल्या पानाला हात लावला की प्रोसेसर प्रोग्रॅम तिथंच थांबवून कर्नलला हाक मारतो. हाच पेज फॉल्ट. पान रॅममध्येच कुठंतरी असेल आणि फक्त तक्त्यात जोडायचं राहिलं असेल तर काम मायक्रोसेकंदांत होतं, त्याला मायनर फॉल्ट म्हणतात. डिस्कवर जावं लागलं तर तो मेजर. आमचा शत्रू मेजर.

रॅम कमी पडू लागली की केस्वॉपडी नावाचा कर्नलचा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं एक काम, जागा होतो आणि कोणती पानं काढता येतील ते शोधतो. त्याच्याकडे दोन याद्या असतात, वापरातल्या पानांची आणि थंड पडलेल्या पानांची. कोणतं पान कधी वाचलं याची पूर्ण नोंद त्याच्याकडे नसते. कोणत्याच यंत्राला ती परवडणार नाही. पानाला हात लागला की प्रोसेसर तक्त्यातला एक बिट उभा करतो, आणि कर्नल फेरी मारताना तो बिट बघतो आणि खाली पाडतो. पुढच्या फेरीपर्यंत बिट पुन्हा उभा नसेल तर पान थंड.

आता तंबोऱ्याकडे या नजरेने बघा. एक आवर्तन साधारण पाच सेकंदांचं. आठांतला एकच आघात निवडला जातो, म्हणजे एखाद्या विशिष्ट आघाताची पाळी सरासरी चाळीस सेकंदांनी येते. योगायोगाने कधी दोन मिनिटांनीही येते. त्यातलं एकेक पान तर वाजताना अकरा मिलिसेकंदांत संपतं. म्हणजे चाळीस सेकंदांतून एकदा, डोळ्याची पापणी लवायच्या आत, पानाला हात लागतो. शेजारी ब्राउझर आपल्या पानांना सेकंदाला शेकडो वेळा हात लावत असतो. कर्नलने तंबोऱ्याची पानं थंड मानली तर त्याचं काही चुकलं नाही. कानाला जे अखंड वाटतं ते मेमरीच्या हिशेबात अगदी तुरळक आहे.

पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये वर्किंग सेटची कल्पना मांडली. मागच्या अमुक इतक्या वेळात प्रोग्रॅमने ज्या पानांना हात लावला ती त्याची चालू गरजेची पानं, आणि तेवढी रॅममध्ये राहिली तर प्रोग्रॅम सुखाने चालतो. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यात ‘अमुक इतका वेळ’ हा उघड ठेवलाय. तंबोऱ्यासाठी हा वेळ पाच सेकंद धरला तर गरजेत चारच आघात येतात, शिवाय आधीच्या आवर्तनाची विरत जाणारी शेपटं. पाच मिनिटं धरला तर छत्तीसच्या छत्तीस हजार पानं येतात. प्रोग्रॅम तोच, गरज मात्र खिडकीनुसार कितीतरी पटींनी बदलते. कर्नलने कोणती खिडकी धरावी हे त्याला बाहेरून कोणीतरी सांगायला हवं. वारंवारता त्याला दिसते, मुदत दिसत नाही. आणि संगीतात सगळा जीव मुदतीत असतो.

इथं अनेकजण सांगतात, स्वॅप, म्हणजे रॅममधून काढलेली पानं ठेवायची डिस्कवरची जागा, बंद करून टाक. हा सल्ला इतक्या ठिकाणी मिळतो की त्यावर थोडं थांबते.

रॅममधली पानं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, प्रोग्रॅमने चालता चालता स्वतः तयार केलेली, ज्यांची डिस्कवर कुठल्या फाइलमध्ये प्रत नाही. यांना काढायचं तर आधी स्वॅपमध्ये लिहावं लागतं. दुसरी, फाइलमधून आलेली. त्यांच्यात बदल झाला नसेल तर कर्नल ती सरळ टाकून देतो, कारण मूळ फाइल डिस्कवर आहेच. तंबोऱ्याचे आघात मी फाइल मॅप करून, म्हणजे फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांना जोडून वाचते, म्हणजे ती दुसऱ्या प्रकारची पानं. आणि प्रोग्रॅमचं स्वतःचं यंत्रभाषेतलं रूप, त्याच्या लायब्ररी, हेही सगळं दुसऱ्याच प्रकारात येतं.

स्वॅप बंद केला की पहिल्या प्रकारची पानं जागची हलू शकत नाहीत. ब्राउझरने उघडून ठेवलेले आणि तासभर न पाहिलेले टॅबसुद्धा रॅममध्ये घट्ट बसतात. मग जागेची गरज पडली की सगळा भार दुसऱ्या प्रकारावर येतो, म्हणजे नेमका तंबोऱ्यावर, आणि तंबोरा वाजवणाऱ्या कोडवर. वर्गातल्या लॅपटॉपवर स्वॅप बंद करून पाहिल्यावर टक् वाढले. कारण एकदा कळलं की ते स्वाभाविकच वाटतं. व्हीएमस्टॅट या मेमरीची हालचाल दाखवणाऱ्या साधनातल्या एसआय आणि एसओ या दोन रकान्यांत तेव्हा अर्थातच शून्य दिसत होतं, कारण ते रकाने फक्त स्वॅपची ये-जा मोजतात. फाइलची पानं टाकली आणि परत आणली तर तिथं काही उमटत नाही. खरा आकडा मेजर फॉल्टचा. तो गेटआरयूसेज या कॉलमधून, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीतून मिळतो, आणि लिनक्सवर एकट्या थ्रेडपुरताही मागता येतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा थ्रेड दर घासानंतर तो आकडा बघतो. प्रत्येक टक् बरोबर तो वाढलेला दिसला, तेव्हा शंका राहिली नाही.

स्वॅपिनेस ही कर्नलची सेटिंग ६० वरून खाली आणण्याचा सल्लाही याच जातीचा. तो आकडा दोन प्रकारच्या पानांमधला तोल सांगतो. खाली आणला की फाइलची पानं जास्त मारली जातात. तंबोऱ्यासाठी ते उलटं आहे.

आता कुलूप. एमलॉक आणि एमलॉकऑल हे कॉल पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाच्या रिअल-टाइम, म्हणजे मुदत पाळावी लागणाऱ्या कामांच्या, भागात १९९३ पासून आहेत. एमलॉकला पत्ता आणि लांबी द्यायची. कर्नल तो भाग पानांच्या कडांपर्यंत ताणून घेतो, त्यावर ‘कुलूपबंद’ अशी खूण करतो आणि लगेच त्यातलं प्रत्येक पान रॅममध्ये आणतो. कॉल यशस्वीपणे परतला म्हणजे सगळी पानं हजर आहेत आणि कुलूप काढेपर्यंत ती डिस्ककडे जाणार नाहीत. एमॲडवाइज नावाच्या दुसऱ्या कॉलमधून ‘हे मला लागणार आहे’ असं कळवता येतं, पण ती विनंती असते. एमलॉक हा शब्द दिलेला असतो.

लिनक्समध्ये अशा पानांसाठी वेगळी यादी आहे, न काढता येणाऱ्या पानांची. ती २.६.२८ या आवृत्तीत, डिसेंबर २००८ मध्ये आली. त्याआधी कुलूपबंद पानं बाकीच्यांबरोबर त्याच याद्यांत असायची, आणि केस्वॉपडी प्रत्येक फेरीत ती उचलून, बघून, परत ठेवायचा. थोड्या रॅमवर हे खपून जायचं. खूप रॅम आणि खूप कुलूपं असलेल्या यंत्रांवर प्रोसेसर नुसता फेऱ्या मारण्यातच अडकायचा. वेगळी यादी केल्यावर ती पानं त्याच्या वाटेतूनच गेली.

एमलॉक सावकाश चालतो, हे ध्यानात ठेवायला हवं. १४७ एमबी फिरत्या डिस्कवरून यायला दीड-दोन सेकंद लागतात. सलग वाचन आहे म्हणून एवढ्यात होतं. कर्नल एका फॉल्टला आजूबाजूची पानंही ओढून आणतो, साधारण १२८ केबीपर्यंत, म्हणजे ३२ पानं. तरी हा कॉल ध्वनीच्या थ्रेडमधून कधीच करायचा नसतो. माझ्याकडे पानं चढवणारा थ्रेड वेगळा आहे. तो सगळं जागेवर आणतो आणि मगच ध्वनीच्या थ्रेडला ‘घे’ म्हणतो.

नुसते आघात कुलूपबंद करून भागत नाही. ध्वनीच्या थ्रेडचं कोडही फाइलचंच पान आहे, त्याचा स्टॅक, म्हणजे फंक्शनांचा तात्पुरता हिशेब ठेवायची जागा, तीही पानंच आहेत, सी लायब्ररीतलं एखादं क्वचित लागणारं फंक्शनही. म्हणून सगळ्या प्रोग्रॅमला एकदम कुलूप लावणारा एमलॉकऑल. त्याला दोन गोष्टी सांगता येतात, आत्ता आहे ते सगळं, आणि यापुढे जे येईल ते सगळं. पण हा कॉल खिडक्या-बटणं असलेल्या प्रोग्रॅमवर लावला तर चित्रांच्या लायब्ररी, फॉन्ट, सगळंच रॅममध्ये खिळतं. ४ जीबीच्या यंत्रावर ते इतरांच्या तोंडचं काढून घेणं आहे. म्हणून मी प्रोग्रॅमचे दोन भाग केले. बाई जो पडदा बघतात, सूर निवडतात, तो एक प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम. त्याला कुलूप नाही. प्रत्यक्ष वाजवणारा दुसरा, अगदी बारका, आणि तो पूर्ण कुलूपबंद. पडद्याचं पान डिस्कवर गेलं आणि बटण दाबल्यावर पाव सेकंद उशीर झाला तर कोणाचं गाणं मोडत नाही.

हे दोन भाग केल्यावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कुलूप फोर्कमधून, म्हणजे एका प्रोसेसने दुसऱ्याला जन्म देताना, मुलाकडे जात नाही आणि एक्झेकनंतर, म्हणजे प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवल्यावर, राहत नाही. त्यामुळे पडद्याने वाजवणाऱ्याला जन्म दिला तरी कुलूप वाजवणाऱ्यानेच, स्वतः सुरू झाल्यावर, लावायचं असतं.

‘यापुढे येईल ते सगळं’ या वाक्यात खूप काही दडलंय. थ्रेड तयार करताना त्याच्या स्टॅकसाठी साधारण ८ एमबी राखले जातात. एरवी त्यातली दोन-चार पानंच खरी भरतात, बाकी नुसते पत्ते. पण पुढचं सगळं कुलूपबंद म्हटल्यावर आठच्या आठ एमबी रॅममध्ये उभे राहतात. माझ्या प्लेअरमध्ये मुख्य थ्रेडशिवाय चार थ्रेड आहेत, म्हणजे ३२ एमबी नुसत्या रिकाम्या स्टॅकचे. मी प्रत्येकाला २५६ केबी दिले, सगळे मिळून एक एमबी. तसंच ग्लिबसी ही सी लायब्ररी वेगवेगळ्या थ्रेडना मॅलॉकसाठी, म्हणजे चालता चालता मेमरी मागण्यासाठी, वेगळे पट्टे देते आणि प्रत्येक पट्ट्याला ६४ एमबीचे पत्ते राखते. ते पत्तेही कुलूपाच्या हिशेबात धरले जातात. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पट्टा ठेवायला सांगितलं. मॅलॉकने मोकळी झालेली मेमरी कर्नलला परत करू नये हेही सांगितलं, नाहीतर परत केलेलं पान पुन्हा मागताना फॉल्ट ठरलेला. ज्यांना मोठा भाग राखायचाय पण हात लागेल तेवढंच पान खिळवायचंय, त्यांच्यासाठी ४.४ या आवृत्तीपासून वेगळा पर्याय आहे, पहिल्या फॉल्टनंतर कुलूप. तंबोऱ्याला तो उपयोगाचा नाही. आम्हाला पहिला फॉल्टच नको आहे.

मग मर्यादेचा प्रश्न येतो. कोणीही उठून सगळी रॅम कुलूपबंद केली तर यंत्र बसेल, म्हणून प्रत्येक प्रोसेसला कुलूपाची मर्यादा असते. २.६.९ च्या आधी साध्या वापरकर्त्याला कुलूप लावताच येत नव्हतं. त्यानंतर थोडंसं लावता येऊ लागलं. कर्नलची मूळ मर्यादा कितीतरी वर्षं ६४ केबी होती, ५.१६ मध्ये ती ८ एमबी झाली. ६४ केबी म्हणजे सोळा पानं. पासवर्ड, गुप्त किल्ल्या लपवायला तेवढी पुरतात, आणि खरं तर तेच लोक समोर धरले होते. जीपीजी हा कूटलेखनाचा प्रोग्रॅम किल्ल्यांची पानं स्वॅपमध्ये जाऊ नयेत म्हणून हेच कुलूप वापरतं. ८ एमबीत तंबोऱ्याचा जेमतेम एकच आघात बसतो, म्हणून लिमिट्स फाइलमध्ये या वापरकर्त्यासाठी मर्यादा वाढवावी लागते. पुष्कळ ठिकाणी सरळ ‘अमर्याद’ असं लिहायला सांगतात. मी तसं लिहिलं नाही, आणि कोणी लिहू नये असं मला मनापासून वाटतं. कुलूपबंद पान कर्नलला अडचणीतही काढता येत नाही. रॅम खरोखर संपली आणि काढण्यासारखं काही उरलं नाही तर तो कुठलातरी प्रोसेस मारतो. तो प्रोसेस तंबोराही असू शकतो.

आकडा असा काढला. सूर बदलताना जुना विरत जातो आणि नवा चढत येतो, म्हणजे काही क्षण दोन सूर एकदम रॅममध्ये हवेत. दोन सुरांची ७२,००० पानं, म्हणजे २,८८,००० केबी. कोड, लायब्ररी, स्टॅक आणि बाकीच्यासाठी आणखी ३२,००० केबी. मर्यादा ३,२०,००० केबी. नवा सूर चढला, जुना विरला, की जुना मॅप काढून टाकायचा. मॅप गेला की कुलूपही जातं. पानं लगेच रॅममधून जात नाहीत, साध्या पानांसारखी यादीत येतात आणि कर्नल हवं तेव्हा ती नेतो. प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये किती केबी कुलूपबंद आहेत ते दिसतं, सूर बदलताना तो आकडा चढून उतरलेला बघून मला फार समाधान वाटतं.

कुलूप काय देत नाही तेही सांगायला हवं, कारण त्यावर लोक उगाच भरवसा ठेवतात. कुलूपबंद पान रॅममध्ये राहील, पण त्याच जागी राहील असं नाही. सलग मोकळी जागा तयार करण्यासाठी कर्नल पानं इकडून तिकडे सरकवतो, आणि कुलूपबंद पानंही सरकवू शकतो. त्या क्षणी हात लागला तर मायनर फॉल्ट पडतो. आमच्या ५.३३ मिलिसेकंदांत तो सहज सामावतो. ज्यांना मायक्रोसेकंद मोजायचे असतात त्यांच्यासाठी हे सरकवणं बंद करायची वेगळी खूण आहे, आणि रिअल-टाइम कर्नलमध्ये ते मुळातच बंद असतं. तो रिअल-टाइम भाग २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत, मुख्य कर्नलमध्ये आला. दुसरं म्हणजे कुलूप प्रोसेसरचा वेळ देत नाही. पानं सगळी हजर असून थ्रेडला पाळीच मिळाली नाही तर टक् होणारच. त्यासाठी थ्रेडला रिअल-टाइम प्राधान्य द्यावं लागतं, ते मी आधीपासून दिलेलं होतं. तिसरं, लॅपटॉप हायबरनेट केला की कर्नल रॅमची नक्कल डिस्कवर लिहितो, आणि त्यात कुलूपबंद पानंही जातात. तंबोऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. किल्ल्या लपवणाऱ्याचं मात्र सगळंच बिघडतं.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा एसएसडी बसवा. बसवावी, जरूर. तिथं एक पान साधारण शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास येतं आणि एकट्या फॉल्टने घास हुकत नाही. पण रॅमची ओढाताण सुरू असताना फॉल्ट एकटा येत नाही. नवं पान आणायला जागा हवी, जागेसाठी दुसरं काढायला हवं, आणि काढायचं काम केस्वॉपडीकडून वेळेत झालं नाही तर ते फॉल्ट पडलेल्या थ्रेडलाच करावं लागतं. त्याला वरची मर्यादा नाही. सरासरी चांगली असणं वेगळं आणि सर्वांत वाईट क्षण माहीत असणं वेगळं. विलंबितात षड्ज लावून बसलेल्या मुलीला सरासरीशी काही देणंघेणं नसतं.

बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं. “बाई, तंबोरा तुम्हाला सतत ऐकू येतो, पण त्यातला एकेक आघात यंत्राला चाळीस सेकंदांनी एकदाच दिसतो. म्हणून ते त्याला बाजूला ठेवत होतं. आता मी त्याला सांगितलंय की याला हात लावायचा नाही.” त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग मालकंस गाताना काय करशील? पहिली तार मध्यमाला लागते.”

तो विचार मी केला नव्हता. पंचमाच्या जागी मध्यम आला की तंबोरा वेगळा झाला, म्हणजे आणखी ३६,००० पानं असं पहिल्यांदा वाटलं. पण जोडीच्या दोन तारा आणि खर्ज तसेच राहतात. बदलते ती एकच तार. म्हणून आता प्रत्येक सुराची एक मोठी फाइल न ठेवता तारेगणिक वेगळी फाइल केली आहे, आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र मॅप होते. मध्यम मागितला की पहिल्या तारेची ९,००० पानं तेवढी चढतात, पंचमाची ९,००० उतरतात, बाकीची २७,००० जागची हलत नाहीत. मर्यादेत ते आरामात बसतं आणि फिरत्या डिस्कवरही अर्ध्या सेकंदाच्या आत होतं. खर्जाची तार विरायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे पुढची तार छेडायच्या आत मध्यम हजर असतो. निषादाच्या तंबोऱ्यासाठीही हेच चालेल. त्याचं रेकॉर्डिंग करायचंय, पण बाई म्हणतात आधी जवारी पुन्हा काढून घेऊ, तारेखालचं सूत बसत नाहीये.